किलगॅरनांचं देवक

५ फेब्रुवारी २००६, रविवार. हर्नडन, व्हर्जिनिया

रुचाने लग्न ठरवलं. म्हणजे ठरवलं होतं त्या दोघांनी आधीच, मला आज सांगितलं. मुलगा ब्रेंडन किलगॅरन, तिच्याच ऑफिसात नेटवर्कचं काहीतरी बघतो. दोन वर्षं घरी येतोय. पोहे खातो, बूट दाराबाहेर काढतो, आणि भांडी घासू का विचारून खरंच घासतो. माझी हरकत काही नाही. सतरा जून तारीख धरली आहे.

वाईला फोन केला. थोरले भावजी, जगन्नाथदादा, आता घरातले मोठे. गोरा जावई म्हटल्यावर आकाशपाताळ एक करतील असं धरून चालले होते. उत्तरं पाठ करून ठेवली होती. कसलं काय! भावजी शांतपणे म्हणाले, "मुलगा बरा आहे ना? मग झालं. देवक काय त्यांचं?"

"भावजी, ते आयरिश आहेत."

"असेनात. कुळाला झाड-पान काहीतरी असेलच की. आपला कळंब. त्यांचाही कळंबच निघाला तर दोघं भाऊ-बहीण ठरतात. विचारून घे. देवक नसेल तर मी मांडवात उभा राहणार नाही, आधीच सांगतो."

झालं. आता आली का पंचाईत.

संध्याकाळी रुचाला सगळं समजावून सांगितलं. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही घरचं एकेक जोडपं खांद्यावर कुऱ्हाड घेऊन जातं, आपल्या झाडाची डहाळी आणतं, ती मांडवाच्या मेढीला, म्हणजे मुख्य खांबाला, बांधतात आणि मग हळद. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "आपल्याकडून कोण?"

"भावजी आणि अहिल्यावहिनी."

"व्हाय नॉट यू?"

"जोडपं लागतं. बाबा नाही ना आता."

"आई, दॅट्स सो डम्ब."

मी म्हटलं, रीत आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. खरंच नाही वाटत. उल्हासला जाऊन तीन वर्षं झाली, आता असल्या गोष्टी कुठे मनाला लावून घ्यायच्या. भावजी-वहिनी सातासमुद्रापलीकडून यायला तयार आहेत हेच पुष्कळ. फक्त किलगॅरनांचं झाड शोधायला हवं. ते सापडलं नाही तर भावजी येणार नाहीत, आणि ते आले नाहीत तर माझ्या पोरीच्या बाजूने देवकाला बसायला कुणी नाही.

९ फेब्रुवारी

फार्मसीच्या काउंटरवर दिवसभर मी आडनावंच विचारते. आडनाव, मग जन्मतारीख, मग गोळ्यांची पुडी. आज एक ओ'ब्रायन आजोबा आले, त्यांना विचारलं, तुमच्या घराण्याचं झाड कोणतं? ते म्हणाले, माझं कोलेस्टेरॉल तेवढं बघ.

ब्रेंडनला विचारलं तर तो खांदे उडवून मोकळा. मग म्हणाला, डॅडच्या घरी भिंतीवर एक ढाल आहे, त्यावर झाड आहे बहुतेक. इतकी वर्षं त्याच घरात राहिला आणि म्हणे बहुतेक! या पोरांपुढे हात टेकले.

१७ मार्च, शुक्रवार

आज आयरिश लोकांचा सण, म्हणून डेनिसनी जेवायला बोलावलं. डेनिस म्हणजे ब्रेंडनचे वडील, माझे व्याही. त्यांना नुसतं डेनिस म्हणायचं म्हणजे कसंसंच होतं, पण मिस्टर किलगॅरन म्हटलं की ते मागे वळून बघतात, जणू त्यांचे वडील येऊन उभे राहिलेत. रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचे, आता निवृत्त. मॅनॅससला घर, गॅरेजमध्ये सुतारकाम. बायको नोरा पाच वर्षांपूर्वी गेली.

त्यांच्या सणाचं जेवण बीफचं. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात कोबी-बटाटे उकडून ठेवले होते. मीठ नाही, मिरची नाही, आग्रह मात्र भरपूर.

ढाल घरातल्या बोळात आहे. हातभर उंच, लाकडी. चांदीच्या रंगावर हिरवं ओकचं झाड, मुळांसकट. झाडाखाली तांबडं डुक्कर. अगं बाई, म्हटलं, हे काय! पण ओक म्हणजे उत्तम. वाईच्या आसपास औषधालाही सापडायचा नाही, म्हणजे कळंबाशी भानगड नाही. मी विचारलं, ही कुणाला मिळाली? कोणता पूर्वज? लढाईत की दरबारात?

डेनिस कानापर्यंत लाल झाले. "जुनी आहे," म्हणाले. "नोराने लावली होती." आणि बटाटे बघायला आत गेले. खानदानी माणूस! बढाई मारायचीही लाज. आमच्या भावकीत कुणाकडे अशी ढाल असती तर लग्नपत्रिकेवर छापली असती.

जेवताना आडनावाचं सांगत होते. जुन्या आयरिश भाषेत अमुक संताचा सेवक, त्याचा मुलगा, अशी नावं असत, आणि बोलता बोलता ती झिजून किलगॅरनसारखी झाली. त्यांचा संत नक्की कोण, ते मात्र आता कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, आमच्यातही आहे तसं, देवाचा दास म्हणून नाव ठेवतात, पण आमचे देव आम्हाला पाठ आहेत.

मग त्यांनी आमच्या झाडाचं विचारलं. मी कागदी रुमालावर कळंबाचं पान काढून दाखवलं, आणि ते गोल चेंडूसारखं फूल. म्हणाले, "हे तुझं की तुझ्या नवऱ्याचं?"

"सासरचं. माहेरचं वेगळं होतं, ते लग्नात सुटलं."

"आणि आता?"

मी म्हटलं, आता काय, झाड आहे तिथे आहे, फक्त ते हातात घ्यायचं काम माझं राहिलं नाही.  त्यांनी मला आणखी एक बटाटा वाढला आणि तो रुमाल घडी घालून खिशात ठेवला. इथली माणसं काहीही टाकत नाहीत.

२५ मार्च

ढालीचा फोटो पुतण्याला, सिद्धेशला, ईमेल केला होता. त्याने छापून भावजींना दिला. आज फोन आला.

"शोभना, झाडाखाली डुक्कर आहे."

"वराह आहे, भावजी."

फोनवर कागद सळसळला. मग म्हणाले, "हां. वराह असेल तर हरकत नाही."

तिकिटं काढतो म्हणाले. मला इतकं हसू येत होतं की तोंडात पदर कोंबायला पदर नव्हता, स्वेटरची बाही कोंबली. मागून वहिनींचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी सांगत होत्या, रुचाच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्यांची ढाल आहे म्हणून. आता ती बातमी गावभर होणार. होऊ दे की, खरंच आहे.

८ एप्रिल, शनिवार

फेअरफॅक्सला आयरिश वंशावळीचा एक वर्ग असतो, तिथे जाऊन आले. भावजींना ढालीची नीट माहिती हवी होती: कोण, कधी, कशासाठी. डेनिस म्हणाले मी गाडी चालवतो. सगळा रस्ता घुम्यासारखे गप्प. मला वाटलं दात दुखतोय.

शिकवणाऱ्या लॉलरबाई माझ्याच वयाच्या असतील, गळ्यात चष्मा. फोटो पाहिला आणि अगदी हळूच हसल्या. म्हणाल्या, "आडनावाला ढाल नसते. ढाल माणसाला मिळते. ती त्याची, आणि पुढे त्याच्या पोटच्या वंशाची. एका किलगॅरनला मिळाली म्हणून सगळे किलगॅरन तिचे मालक होत नाहीत. आणि ही अशी आडनाव बघून बनवलेली ढाल तर जत्रेतसुद्धा विकत मिळते."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. डेनिस बुटांकडे बघत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आणि बायकांना काय मिळतं? बाईंनी चित्रं दाखवली. जुन्या रिवाजात ढाल लढाईची, म्हणून पुरुषाची. नवरा गेला की विधवा तीच चिन्हं लावते, फक्त ढालीवर नाही, तिरक्या चौकोनात. पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार.

"चिन्हं काढून घेत नाहीत?"

"का काढून घेतील? त्या घरची तीच तर असते."

मी पुन्हा विचारलं, झाड वगैरे सगळं तसंच? हो म्हणाल्या, झाड वगैरे सगळं. नुसता आकार बदलतो.

गाडीत बसल्यावर डोळ्यांतून पाणीच थांबेना. त्या हॉलचं कार्पेट कधी झाडलेलं नसावं, धूळ फार. डेनिसनी रुमाल दिला आणि गाडी सुरूच केली नाही. नुसतं स्टिअरिंग धरून बोलायला लागले. ढाल नोराने घेतली, ब्रेंडन झाला त्या वर्षी, जत्रेतल्या एका स्टॉलवर. तिथला माणूस जाड पुस्तकात आडनाव शोधायचा आणि रंगवून द्यायचा. "तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तू इतक्या मानाने बघत होतीस. नोरा तिथे उभी असती तर तिला फार आवडलं असतं, म्हणून जीभ उचलली नाही."

मी भडकले. म्हटलं, वाईत सगळ्या भावकीत डंका पिटलाय त्या ढालीचा, आता कोणत्या तोंडाने सांगू? भावजी येणार नाहीत. मुलीच्या बाजूची जागा रिकामी राहील, समजतंय का तुम्हाला? ते सॉरी सॉरी करत राहिले. मग म्हणाले, झाड मात्र आहे. म्हटलं कोणतं झाड? ती ढाल भिंतीवर लावली त्याच आठवड्यात नोराने कुठून तरी ओकचं बी आणलं आणि मागच्या अंगणात पुरलं. ढालीवर आहे तर दारात नको का, म्हणाली. आता ते झाड घराच्या छपराच्या वर गेलंय.

मी म्हटलं, गाडी सुरू करा. 

९ एप्रिल

लपवून जमणार नाही म्हणून सकाळीच वाईला फोन लावला.  सगळं सांगून टाकलं: ढाल जत्रेतली, पूर्वज वगैरे कुणी नाही.

"आणि झाड?" भावजींनी विचारलं.

"झाड खरं आहे. सासूने लावलंय, मुलगा झाला त्या वर्षी."

"मग अडलं कुठे? आपल्या कळंबाला तरी कुणी सहीशिक्का करून दिलाय? कुणीतरी कधीतरी धरलाच की. त्यांच्यात त्या बाईने धरला."

काय माणूस आहे! फोनमधून पाया पडावंसं वाटलं. पण पुढे म्हणाले, "मुलाचा बाप एकटाच आहे ना? बसू दे एकट्यालाच. परदेशात चालतं तेवढं."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

आज पोळ्या सगळ्या करपल्या. डेनिसना चालतं, ठीक आहे. त्यांची बायको गेली, माझा नवरा गेला. फरक आहेच. असतोच. डेनिस तिकडचे, मी इकडची. इकडची म्हणजे कुठली, वीस वर्षं तर हर्नडनमध्येच झाली. असो. उद्या दुपारची पाळी आहे, गाडीत पेट्रोल भरायचंय.

७ मे

रुचाशी भांडण. विषय तोच, देवकाला मी का नाही. ती म्हणते, तू जगन्नाथकाकांना विचारत का नाहीस, फार तर नाही म्हणतील.

मी म्हटलं, तुला काही कळत नाही, गप्प बस. साड्यांच्या पिशव्या तिच्याच अंगावर टाकल्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

ते नाही म्हणतील, याचीच तर भीती आहे. आता निदान असं म्हणता येतं की मी विचारलंच नाही. विचारलं आणि ते नाही म्हणाले, की मग ते नाही कायमचं माझ्या घरात राहायला येणार. उल्हासच्या माणसांनी मला नाही म्हटलेलं मला चालणार नाही. लिहून टाकलं एकदाचं.

१२ जून, सोमवार

भावजी आणि वहिनी आले. विमान वेळेवर, पण दोघं बाहेर यायला खूप उशीर. आले तेव्हा भावजींच्या हातात स्टीलचा रिकामा डबा.

गावच्या कळंबाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तपासणीवाल्याने बाहेरचा झाडपाला चालत नाही म्हणून काढून घेतली. माणूस चांगला होता म्हणे, सर सर करत होता. भावजी त्याला मराठीत सांगत होते, "अहो, कुळाचा देव आहे तो!" त्याने मान डोलावली आणि पानं पिशवीत टाकली.

घरी येऊन भावजी सोफ्यावर बसले ते चहालाही हात लावेनात. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. इतके दिवस किलगॅरनांच्या झाडाच्या मागे धावले, त्यांचं सापडलं आणि आमचंच गेलं.

डेनिसना फोन करून सांगितलं. म्हणाले, काळजी करू नकोस, शुक्रवारपर्यंत काहीतरी करतो. व्हर्जिनियात कळंब कुठून आणणार आहेत देव जाणे.

१४ जून

भावजी-वहिनींना वॉशिंग्टन दाखवलं. लिंकनच्या त्या भल्यामोठ्या पायऱ्या वहिनी एका दमात चढल्या. खाली आल्यावर कळलं की फोटोत डोळे मिटलेत, तर परत चढल्या! भावजी खाली बाकावर बसून शेंगदाणे खात होते. मी अर्ध्यातून मागे फिरले, माझीच दमछाक.

संध्याकाळी आम्ही दोघी चकल्या करत होतो. वहिनी एकदम म्हणाल्या, "शोभना, तुला काय वाटतं गं?"

"कशाचं?"

माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही नाही. तीळ कुठे ठेवलेत?"

प्रवासाचा शीण, दुसरं काय.

१६ जून, शुक्रवार

आज देवक झालं. हात अजून भरून आलेत, तरी आजचं आजच लिहिते.

सगळं डेनिसच्या मागच्या अंगणात. ओक खरंच छपराच्या वर आहे. मेढ डेनिसनी स्वतः रोवली होती, वाकडी नाही की डुगडुगत नाही. गुरुजी मोरेश्वर जोशी, एरवी सॉफ्टवेअर तपासतात, त्यामुळे मंत्राच्या मधेच थांबून सगळं सामान बरोबर आहे का ते दोनदा बघतात.

आधी मुलाची बाजू. डेनिस कुर्ता घालून, खांद्यावर गॅरेजमधली कुऱ्हाड घेऊन, एकटेच. रुचाच्या मैत्रिणींनी चार कोपरे धरून त्यांच्या डोक्यावर शेला धरला. झाडापाशी गेल्यावर त्यांनी खोडाला हात लावला आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, पण थांबले. मग डहाळी तोडली.

नंतर डेनिसनी भावजींपुढे एक पुडकं धरलं. आत पेरभर जाड लाकडाची फळी, तिच्यावर कोरलेलं कळंबाचं पान आणि ते गोल फूल. माझ्या त्या कागदी रुमालावरचं चित्र! इतके दिवस जपून ठेवलं होतं. कोरीवकाम इतकं बारीक की पानाच्या शिरासुद्धा. भावजींनी ते कपाळाला लावलं. म्हणाले, "झाड मिळालं नाही तर सोन्याचं पान चालतं, मग लाकडाचं का नाही? हे तर लाकूडच." मग हातात फिरवून बघितलं. "पण चौकोन तिरका का केलाय?"

रुचाने इंग्रजीतून विचारलं. डेनिसनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही. मलाच सांगायचं होतं ते. मी सांगितलं नाही. 

गुरुजी म्हणाले, "मुलीकडचं जोडपं."

भावजी उपरणं सावरून उठले. वहिनी उठायला गेल्या आणि "आई गं!" म्हणून गुडघा धरून खाली बसल्या. "नाही हो. माझ्याच्याने नाही चालवणार. गुडघे धरलेत."

"परवापर्यंत तर धावत होतीस," भावजी म्हणाले.

"आज धरलेत."

बिचाऱ्यांचे गुडघे नेमके आजच धरले. गुरुजी म्हणाले, दुसरं एखादं जोडपं चालेल. आमचे शेजारी प्रल्हाद आणि कांचन एकमेकांकडे बघून उठायला लागले. कांचनने पदरसुद्धा खोचला. तेव्हा मला वाटलं, आता गेलं. ही दोघं उठली की गेलंच, मग जन्मभर मी खुर्चीवरच.

"मी बसते," मी म्हटलं.

 भावजी म्हणाले, "शोभना, तू एकटी?"

"एकटी. डेनिस बसले तशीच."

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे, भावजी? उल्हास गेला, कळंब नाही गेला. पंचवीस वर्षं मी त्याच झाडाची आहे. रुचाला मी वाढवलंय, हळदीला तिला मीच उभी करणार. तुम्हाला नाही म्हणायचं तर म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा. मी विचारलं नाही असं मला पुढे म्हणता यायला नको."

माझा आवाज चिरकत होता आणि मी रडत होते. रुचा पण रडत होती. भावजी नुसते त्या तिरक्या चौकोनाकडे बघत उभे.  मग पुढे आले आणि पान माझ्या ओंजळीत ठेवलं. डेनिसच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि माझ्या खांद्यावर दिली.

"जड आहे," म्हणाले. "नीट धर."

माझ्या डोक्यावर शेला धरला तेव्हा एक कोपरा वहिनींच्या हातात होता. उठून कधी आल्या कळलं नाही. ओकला पूर्ण फेरी मारली आम्ही, आणि त्या सगळी फेरी ताठ चालल्या, मान वर, हात वर. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "पुढे बघ."

मेढीला ओकची डहाळी आणि कळंबाची फळी शेजारी शेजारी बांधली. मग हळद.

१७ जून

लग्न लागलं. पाऊस नाही, भांडण नाही. रुचाने आडनाव बदलायचं नाही असं ठरवलंय. भावजींनी ऐकलं आणि दुसरी जिलेबी घेतली.

२५ जून, रविवार

भावजी-वहिनींना विमानतळावर सोडून आले. घर एकदम रिकामं.

बॅगा भरताना भावजींनी कळंबाची फळी टॉवेलमध्ये गुंडाळून घेतली होती. म्हणाले, वाईला देव्हाऱ्यात ठेवतो, आपल्या घराण्याचं आहे. लाकूड आहे, कुणी काढून घेणार नाही.

मी म्हटलं, "घराण्याचं झाड तुमच्या दारात आहे, भावजी. हे माझं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल सोडला, फळी माझ्या हातात दिली आणि बॅगेच्या चेनशी झटापट करत बसले. वहिनी मागे उभ्या राहून हसत होत्या.

दुपारी रुचा आणि ब्रेंडन आले. ब्रेंडनने दाराजवळच्या भिंतीवर खिळा ठोकला, फळी लावली, मागे सरकून पाहिलं. म्हणाला, वाकडी वाटते, सरळ करू का?

मी म्हटलं, राहू दे. तिरकीच असते ती.